रिसीव्हर विकून प्रोसेसर आणि पॉवर अ‍ॅम्प घ्यावा का? (खोली १५ बाय साडेअकरा, नागपूर)

औषधवाला

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदाच लिहितोय. माझं मेडिकलचं दुकान आहे. रात्री साडेनऊला शटर खाली येतं, त्यानंतरचे दोन तास माझे. मुलगी गेल्या वर्षी इंजिनिअरिंगला पुण्याला गेली आणि तिची खोली मी "तात्पुरती" म्हणून घेतली. तिचा पलंग आता तिथे नाही हे तिला दिवाळीत घरी आल्यावर कळलं. तो विषय वेगळा.

खोली १५ फूट बाय साडेअकरा, उंची १०. खाली चकचकीत टाइल्स, एका भिंतीला मुलीच्या पुस्तकांचं कपाट, बाजूच्या खिडकीत कूलर. ६५ इंची टीव्ही, डेनॉनचा एक्स३८००एच रिसीव्हर, समोर दोन बुकशेल्फ स्पीकर, टीव्हीखालच्या कपाटाच्या खणात सेंटर, बाजूला दोन, छताला चार आणि कोपऱ्यात १२ इंची सबवूफर. म्हणजे ५.१.४. सगळं दोन वर्षांपूर्वीचं.

तक्रार अशी, की स्फोट झाला तर कपाटावरची पुस्तकं थरथरतात, पण माणसं काय बोलताहेत ते कळत नाही. आवाज वाढवला की पुढच्या मारामारीला बायको स्वयंपाकघरातून ओरडते. कमी केला की दोघंही सबटायटल वाचत बसतो. मराठी सिनेमाला सबटायटल वाचायची वेळ आली म्हणजे काय म्हणायचं!

मार्चमध्ये पॉलिसीचे पैसे हातात आले आणि डोक्यात किडा शिरला. एका दुकानात गेलो. तो म्हणाला, "साहेब, रिसीव्हर एकाच डब्यात सगळं करतो, त्याची ताकद कमी पडते. सेपरेट्सशिवाय, म्हणजे आवाज उलगडणारा प्रोसेसर आणि ताकद देणारा पॉवर अ‍ॅम्प वेगवेगळे घेतल्याशिवाय, हा प्रश्न सुटायचा नाही." आणि त्याने मरांट्झचा एव्ही १० प्रोसेसर आणि अ‍ॅम्प १० ऐकवला. काय सांगू! बोलणारा माणूस समोर येऊन बसल्यासारखा वाटला. किंमत ऐकल्यावर मीही जरा बसलो. अमेरिकेत ते बाजारात आले तेव्हा प्रत्येकी ७००० डॉलरचे होते, इथली किंमत तुम्हीच समजून घ्या. पॉलिसीत मावतं, पण काठोकाठ.

घेऊ का? की यातलं एकच काही घेऊ? घरात "विचारतोय" असं सांगितलंय, "ठरवलंय" असं नाही.

लोकल_चुकली

औषधवाले भाऊ, तुमच्याच धंद्यातलं उदाहरण देतो. प्रोसेसर म्हणजे एक्स्पायरी डेट असलेलं औषध. पॉवर अ‍ॅम्प म्हणजे खलबत्ता.

मी २०१२ साली सेपरेट्स घेतले होते, सात चॅनलचा प्रोसेसर आणि पाच चॅनलचा पॉवर अ‍ॅम्प. पुढच्याच वर्षी एचडीएमआय २.० (चित्र-आवाजाच्या जोडणीची नवी आवृत्ती) आलं. २०१४ मध्ये छतावरूनही आवाज देणारं डॉल्बी अ‍ॅटमॉस थिएटरातून घरात आलं. पाठोपाठ तसाच दुसरा फॉरमॅट डीटीएस:एक्स आणि फोर-के साठी एचडीसीपी २.२, म्हणजे कॉपी रोखणारं कुलूप. माझ्या प्रोसेसरला यातलं एकही कळेना. पाच वर्षांत तो वायफायच्या डब्याचं आसन झाला. विकायला काढला तर समोरचा म्हणतो, "काका, यापेक्षा नवा रिसीव्हर स्वस्त पडतो," आणि ते खरंच होतं.

पॉवर अ‍ॅम्प मात्र आजही चालू आहे. त्याला काय, तार येते, तार जाते. नवा फॉरमॅट आला काय नि गेला काय. मध्ये एकदा डावा चॅनल मधूनच गप्प व्हायला लागला. लॅमिंग्टन रोडवरच्या एका कारागिराने रिले बदलून दिला, बाराशे रुपये आणि वर एक कटिंग चहा. तोच कारागीर प्रोसेसरचा बोर्ड बघून हात जोडतो.

अपवाद आहेत. फ्रान्सच्या ट्रिनोव्हचे प्रोसेसर आतून संगणकच असतात, त्यामुळे सॉफ्टवेअरने बरंच नवं शिकतात. कॅनडाच्या अँथमने नवा एचडीएमआय बोर्ड बसवून घ्यायची सोय दिली होती. पण ट्रिनोव्हच्या किमतीत आमच्या बदलापूरला पार्किंगसकट काहीतरी मिळेल.

आता तुमचं. एक्स३८००एच मध्ये ११ चॅनलचं प्रोसेसिंग आहे, आतले अ‍ॅम्प नऊ, आणि पाठीमागे सगळ्या चॅनलचे प्री-आउट (बाहेरच्या अ‍ॅम्पला सिग्नल देणारी सॉकेट) आहेत. म्हणजे प्रोसेसर तुमच्या घरात आधीच आहे, तुम्ही त्याला रिसीव्हर म्हणताय एवढंच. फार तर तीन चॅनलचा एक पॉवर अ‍ॅम्प घ्या आणि समोरचे तिघे त्याच्यावर टाका. आतले अ‍ॅम्प मोकळे झाले की मागे दोन स्पीकर लावून ७.१.४ करता येईल. बाकीचे पैसे पॉलिसीतच राहू द्या.

पेठवडगावचा वायरमन

दुकानदार "ताकद कमी पडते" म्हणाला तेव्हा किती कमी पडते ते विचारलंत का? मला दोन आकडे द्या. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी किती आणि रिसीव्हरचा आवाज किती आकड्यावर ठेवता? शिवाय समोरच्या स्पीकरपासून तुमची खुर्ची किती लांब?

औषधवाला

८७ डेसिबल, ८ ओहम. आवाज साधारण ६२. मेहुणे आले की ६५. खुर्ची दहा फुटांवर.

पेठवडगावचा वायरमन

झालं तर मग. मांडू या.

१ वॅट दिला तर स्पीकरसमोर एक मीटरवर ८७ डेसिबल. दहा फूट म्हणजे तीन मीटर, तिथे साडेनऊ डेसिबल कमी होतात. बंद खोली आहे म्हणून भिंती दोन-तीन परत देतात. म्हणजे तुमच्या कानाशी १ वॅटला ८० धरा.

डेनॉनच्या आकड्यांत ८० म्हणजे रेफरन्स, सिनेमा थिएटरची पातळी. तिथे एका चॅनलचा सगळ्यात मोठा धमाका १०५ डेसिबलचा असतो. तुम्ही ६२ वर ऐकता, म्हणजे १८ ने खाली. तुमचा सगळ्यात मोठा धमाका ८७. ८० चे ८७ करायला लागतात ५ वॅट. पाच! मेहुणे आल्यावर १०. रूम करेक्शन (खोलीप्रमाणे आवाज जुळवून घेणारी रिसीव्हरची सोय) कुठे काही उचलत असेल म्हणून दुप्पट करा, तिप्पट करा, तरी तुमचा रिसीव्हर १०५ वॅटचा आहे. सगळे चॅनल एकदम चालले की आकडा खाली येतो हे मान्य, पण पाचवर नाही ना येत. शिवाय खालचा सगळा भार सबवूफर स्वतःच्या अ‍ॅम्पवर उचलतोय.

आता २०० वॅटचा अ‍ॅम्प आणला तर किती फरक? १०५ चे २०० झाले की पावणेतीन डेसिबल. ताकद दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट नव्हे. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॅट लागतात. म्हणजे तुम्ही जी पट्टी कधी गाठतच नाही, ती थोडी आणखी वर जाईल.

अ‍ॅम्प १० वाईट आहे असं नाही म्हणत हां. १६ चॅनल, आठ ओहमला प्रत्येकी २०० वॅट आणि वजन वीस किलोच्या आत, जबरदस्त काम आहे ते. पण ते मोठी खोली, कमी सेन्सिटिव्हिटीचे किंवा चार ओहमचे स्पीकर आणि रेफरन्सवर ऐकणाऱ्याचं काम आहे. तुमच्या खोलीत म्हणजे शेतातल्या बांधावरून जायला जेसीबी.

तरी पॉवर अ‍ॅम्प आणलाच तर तीन गोष्टी.

मोठ्या टोरॉइड ट्रान्सफॉर्मरचा अ‍ॅम्प चालू करताना क्षणभर भरमसाट करंट ओढतो. घरच्या बोर्डात बी टाइपची एमसीबी असेल तर ती पडते आणि माणूस म्हणतो अ‍ॅम्प बिघडला. बी टाइप तीन ते पाच पट करंटला पडते, सी टाइप पाच ते दहा पटीला. सी बसवून घ्या आणि १६ अ‍ॅम्पिअरचा स्वतंत्र पॉइंट ओढा. फ्रिजच्या लाइनवर नको.

दुसरं, रिसीव्हर आणि अ‍ॅम्प वेगळे झाले की घुंईऽऽ असा आवाज यायची शक्यता वाढते. बहुतेक वेळा चोर असतो डिशची किंवा केबलची तार, कारण तिचं अर्थिंग वेगळं आणि घराचं वेगळं. ती तार काढून बघा, घुंई थांबली तर तिलाच आयसोलेटर लावा. अर्थिंगची पिन कापायचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. त्यांना चहा पाजा आणि घालवून द्या. ती पिन जिवासाठी आहे.

तिसरं, कोणी पाहुणा अमेरिकेहून "स्वस्तात" आणतो म्हणाला तर आधी व्होल्टेज बघायला सांगा. आमच्या इथल्या एका डॉक्टरांनी भाच्याकडून मागवला, १२० व्होल्टचा निघाला. प्लग घातला आणि फ्यूज गेला. फ्यूजवर निभावलं म्हणून बरं. आता अ‍ॅम्पपेक्षा मोठा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर शेजारी ठेवलाय आणि तोच घुमतो.

कोथरूड_३८

वरचं गणित बिनचूक आहे आणि मला ते वीस वर्षांपासून पाठ आहे. तरी माझ्याकडे पाच चॅनलचा क्लास एबी पॉवर अ‍ॅम्प आहे, ३० किलोचा. रॅकवर चढवताना कंबर धरली होती.

का घेतला? एक तर स्पीकर बदलत राहतात. आज ८७ आणि ८ ओहम असतील, उद्या कोणी चार ओहमचा भारी स्पीकर स्वस्तात विकायला काढेल आणि तेव्हा रिसीव्हर घाम गाळेल. दुसरं, पॉवर अ‍ॅम्प बाहेर गेल्यावर रिसीव्हर थंड राहतो, आणि थंड राहिलेलं यंत्र जास्त टिकतं. तिसरं कारण म्हणजे मला आवडतो. समोरचा निळा दिवा लागला की दिवसभराची कटकट संपली असं वाटतं. प्रत्येक गोष्टीचा डेसिबलमध्ये हिशेब मागायला आपण काय ऑडिटर आहोत?

पण औषधवाले, नागपुरात क्लास एबी घेऊ नका. माझा अ‍ॅम्प काही न वाजवता नुसता चालू असला तरी हाताला चटका बसेल इतका तापतो, आणि ती उष्णता खोलीतच राहते. पुण्यात डिसेंबरात मांजर त्याच्यावर झोपतं. तुमच्या मे महिन्यात मांजर घर सोडून जाईल. क्लास डी बघा. हायपेक्सच्या एनकोअर मॉड्यूलवर बनवलेले बरेच अ‍ॅम्प मिळतात, फारसे गरम होत नाहीत आणि मापनात एबीला हरवतात. "क्लास डी म्हणजे कोरडा आवाज" हे वीस वर्षांपूर्वीचं रडगाणं आहे. अ‍ॅम्प १० सुद्धा क्लास डीच आहे, दुकानात तो ऐकून तुम्ही खूश झालातच की.

एक्सएलआरच्या तारांवर मात्र पैसे घालू नका. तीन फुटांच्या अंतरात साधी आरसीए तारही तेच काम करते.

ध्वनीवेडी

मी मुंबईत डबिंग स्टुडिओत संवाद बसवायचं काम करते, म्हणून "बोलणं कळत नाही" हे वाक्य दिसलं की थांबते. अ‍ॅम्पवर सगळे बोलले, बोलण्यावर कोणीच नाही.

नेटफ्लिक्सला कार्यक्रम देताना संवादाची सरासरी पातळी −२७ एलकेएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) ठेवावी लागते आणि शिखर −२ पर्यंत जाऊ शकतं. म्हणजे बोलणं आणि धमाका यांच्यात २५ डेसिबलचा जिना आहे. तो मुद्दाम ठेवलेला असतो, नाहीतर धमाक्याला धमाका कोण म्हणेल. थिएटरात हे चालतं, कारण तिथे बोलणंही मोठं ऐकू येतं. तुम्ही ६२ वर ऐकता तेव्हा वायरमनदादांच्या हिशेबाने धमाका ८७ वर येतो, तसं बोलणं जेमतेम ५५ ते ६० डेसिबलवर येतं. दोन माणसं शेजारी बसून बोलतात तेवढंच. शांत खोलीत ते पुरेसं आहे.

म्हणून मला एकच विचारायचंय. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये "बाजूच्या खिडकीत कूलर" असं लिहिलंय. ही तक्रार जानेवारीत होती का?

आणखी दोन गोष्टी. तो सेंटर स्पीकर खणात ढकललेला असेल तर तो डब्यात तोंड घालून बोलतोय. कपाटाच्या कडेपर्यंत पुढे ओढा आणि पुढून थोडा उचलून कानाकडे वळवा, खाली दाराला लावायची पाचर चालेल. मग रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये सेंटरचा क्रॉसओव्हर बघा, म्हणजे ज्या हर्ट्झखालचा आवाज सबवूफरकडे जातो तो आकडा. ऑटो सेटअप कधीकधी त्याला ४० हर्ट्झ देतो किंवा लार्ज ठरवतो. त्या छोट्याशा स्पीकरला ढोल बडवायला लावून वर बोलायलाही सांगायचं! ८० किंवा १०० करा. टाइल्सवर सतरंजी टाका, तुमच्या आणि स्पीकरच्या मधल्या जागेत.

दुकानात बोलणारा समोर येऊन बसला ना? त्या डेमोच्या खोलीत गालिचा होता, जाड पडदे होते आणि एसी होता. बरोबर?

औषधवाला

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि पाच मिनिटं काही लिहिलंच नाही.

जानेवारीत तक्रार नव्हती. म्हणजे होती, पण बायकोची, आणि ती वेगळीच. कूलर आम्ही होळीनंतर लावतो. दुकानात मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेलो. गालिचा होता, पडदे होते, आणि एसी इतका थंड की त्याने मला चहा दिला तो मी प्यालो.

काल दुकान बंद करून आलो आणि फोनवर आवाज मोजायचं अ‍ॅप टाकलं. फोनचं माप काही प्रयोगशाळेचं नसतं, पण फरक तर कळतो. कूलर बंद, खोली रिकामी : ३७. कूलर एक नंबरवर : ५४. तीन नंबरवर, म्हणजे आम्ही रोज ठेवतो तसा : ६१. माणसं ५५ ते ६० वर बोलताहेत आणि कूलर ६१ वर. सबटायटल वाचणारच की!

सेंटर बाहेर ओढला. मागे मुलीची दोन वर्षांपूर्वी हरवलेली कंपासपेटी निघाली. क्रॉसओव्हर ४० होता, १०० केला. आईच्या वेळची घोंगडी टाइल्सवर टाकली. सेंटरची पातळी दीड डेसिबल वर नेली. मग कूलर बंद करून दहा मिनिटं एक मराठी सिनेमा लावला, ६० वर, म्हणजे रोजच्यापेक्षाही दोनने कमी. एकूण एक शब्द कळला. अकराव्या मिनिटाला घामाने उठलो. बाहेर रात्री साडेदहाला ३६ होतं.

बायकोला बोलावून दाखवलं. तिने नीट ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे तुम्ही एवढ्या लाखांचा डबा आणून कूलरशी भांडणार होता." मग म्हणाली, "एसी मी तीन वर्षांपासून मागतेय." आता ही चर्चा माझ्या हातातून गेलेली आहे.

पण लोकल_चुकली, तुमचा खलबत्ता डोक्यातून जात नाहीये. एसी बसवून पॉलिसीत उरतंय बरंच. तीन चॅनलचा क्लास डी अ‍ॅम्प, समोरच्या तिघांना. गरज पाच वॅटची आहे हे मान्य, वायरमनदादा. कोथरूडकरांचं तिसरं कारण मला लागू पडतंय. किंवा दुसरा सबवूफर? खोलीच्या मध्यावर बेस गायब होतो आणि मागच्या भिंतीशी घुमतो, हे मी आधी लिहिलंच नव्हतं.

ध्वनीवेडी

दुसरा सबवूफर. विचारही करू नका. १५ फूट लांबीच्या खोलीचं पहिलं घुमणं ३८ हर्ट्झच्या आसपास येतं आणि ते बरोबर मधोमध शून्य असतं. तुमची खुर्ची दहा फुटांवर म्हणजे त्या खड्ड्याच्या काठावरच. एका कोपऱ्यातला सब कितीही वाढवला तरी खड्डा भरत नाही. एक पुढच्या भिंतीच्या मध्यावर आणि एक मागच्या भिंतीच्या मध्यावर ठेवून बघा. तुमच्या रिसीव्हरला चार सबवूफरची वेगवेगळी आउटपुट आहेत, तीन रिकामी पडून आहेत. शिवाय मोजायला यूएमआयके-१ माइक आणि आरईडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर. औषधाच्या दुकानात मापं रोज घेताच, हे जमेल.

पेठवडगावचा वायरमन

एसीची लाइन वेगळी आणि ऑडिओची वेगळी ओढून घ्या, दोन्ही एकदम. भिंत एकदाच फोडायची. वायर चार स्क्वेअर एमएमची घ्या. आणि भिंत फोडतच आहात तर मागच्या दोन स्पीकरसाठी आणि दुसऱ्या सबसाठी पाइपही टाकून ठेवा, आज वापरा नाही तर नंतर. रंगकाम झाल्यावर आठवलं की लोक मला फोन करतात.

लोकल_चुकली

एसीचा इनडोअर युनिट टीव्हीच्या भिंतीवर नको. माझ्याकडे आहे तिथे, आणि प्रत्येक गंभीर प्रसंगात तो टप टप करतो.

कोथरूड_३८

अ‍ॅम्प घेतलात तर दिव्याचा रंग कळवा.

अमरावतीकर

बाकी काही नाही, कूलर विकायचा असेल तर सांगा. लोखंडी बॉडीचा आहे का? पंप चालू आहे ना? गाडी घेऊन येतो रविवारी.